आईच्या स्की टपावर बांधल्या त्याची हकीकत

डोंगरातलं घर,
ईस्टरचा शनिवार

प्रिय ओशिलताई,

धाकट्या हाल्वरचा, गुडघे सध्या जितके वाकतात तितकं वाकून, नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? बर्गनला पाऊस असणारच, म्हणून त्याची चौकशी करत नाही. दाजींचा खोकला अजून गेला नाही असं आई म्हणाली. त्यांना वाफ घ्यायला सांग, आणि हे पत्र त्यांच्यासमोर वाचू नकोस. हसताना ठसका लागेल आणि तेही माझ्याच नावावर जमा होईल. इकडे सगळ्यांची तब्येत उत्तम आहे. माझी नाही. गुरुवारपासून मी जेवतो, झोपतो, लोकांशी बोलतो, पण ते सगळं केवळ सवयीनं.

आईच्या त्या लांब लाकडी स्की तुला आठवत असतील. बाबांनी लग्नाआधीच्या हिवाळ्यात तिच्यासाठी स्वतः तासलेल्या. तिचा खुबा दुखायला लागल्यापासून चार हिवाळे त्या आमच्या तळघरात उभ्या होत्या. फेब्रुवारीत तिनं फोन करून कळवलं (विचारलं नाही, कळवलं) की या ईस्टरला गाडीतळापासून घरापर्यंत, तळ्यावरून, ती त्याच स्की घालून स्वतःच्या पायांनी येणार. डॉक्टरांना विचारून झालं होतं. सपाटीवर अर्धा तास चालेल, असं ते म्हणाले होते. माझ्याकडे फक्त एक काम होतं : त्या स्की ओस्लोहून इथपर्यंत धडपणे पोचवायच्या. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा फार नव्हती.

आमच्या टपावरच्या पेटीत त्या मावेनात. पेटी आजच्या माणसांच्या मापाची आणि स्की बाबांच्या काळच्या मापाच्या. म्हणजे बाहेर, कॅरियरवर, उघड्या न्यायच्या. मी शेजारच्या आयलिफचा सल्ला घेतला (तो विमा कंपनीतून निवृत्त झाला आहे आणि कुठल्याही वस्तूकडे ती मोडल्यावर कशी दिसेल या नजरेनं पाहतो). तो म्हणाला, उघड्या अजिबात नेऊ नकोस. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, पुढच्या गाड्यांच्या चाकांतून ते मिठाचं पाणी उडतं आणि सगळं खातं. वळलेली टोकं मागच्या बाजूला, तळ एकमेकांकडे, मध्ये मऊ काहीतरी, वरून लांब पिशवी, आणि कुलूप. बरोबर सांगितलं त्यानं. त्याला मी दोष देत नाही. मात्र ही पिशवी विकत आणायची असते हे मला बुधवारी संध्याकाळी आठवलं. दुकानं बंद झाली होती आणि आम्ही निघेपर्यंत उघडणार नव्हती.

त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली होती, तीही प्रेमानं. स्कीच्या तळाला, ओल लागू नये म्हणून बाबा लावायचे तसं, लाकडाचं डांबर लावलं. ताई, बाबा नंतर त्यावरून ज्योत फिरवायचे, डांबर लाकडात मुरवायचे, मग फडक्यानं पुसून काढायचे. त्यातलं फक्त लावणं माझ्या लक्षात होतं. चांगलं जाड लावलं. मग दोन्ही तळांच्या मध्ये लोकरीचं ब्लँकेट घातलं, सगळ्याला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा गुंडाळला आणि वरून चिकटपट्टीचे दोन रोल संपवले. तोर्दिस दारात उभी होती. तिनं विचारलं, "अहो, उद्याच हे परत सोडायचं आहे ना?" मी म्हटलं, सोडायचं तेव्हा सोडू, आधी पोचू दे. (बायको शांतपणे प्रश्न विचारते तेव्हा थांबायचं असतं. हे मला छत्तीस वर्षं माहीत आहे आणि छत्तीस वर्षांत मी एकदाही थांबलेलो नाही.)

गुरुवारी सकाळी निघालो. आई पुढे बसली, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. शहराबाहेर वेग घेतल्याबरोबर टपावरून आवाज यायला लागला. आधी हूं असा, मग हंबरल्यासारखा. आई म्हणाली, "हाल्वर, तुझी गाडी गाभण आहे का रे?" मागच्या गाड्या आम्हाला ओलांडून जाताना वेग कमी करून वर बघायच्या आणि मग आत, माझ्याकडे. पेट्रोल पंपावर थांबून उतरलो तेव्हा कारण कळलं. पडद्याचं उघडं तोंड मी पुढच्या बाजूला ठेवलं होतं. त्यात वारा शिरून माझं पुडकं एखाद्या लोडासारखं टम्म फुगलं होतं, आणि वाऱ्याबरोबर वाटेतलं सगळं मिठाचं पाणीही आत गेलं होतं. ज्यापासून स्की वाचवायच्या, तेच मी साठ किलोमीटर गोळा करत आलो होतो. शेजारी एक ट्रकवाली चहा पीत उभी होती. "वर काय बांधलंय, काका?" "स्की." ती एक पाऊल मागे सरकली. "किती जणांच्या?"

मी पुडकं उतरवून त्यातलं पाणी ओतलं (भरपूर निघालं), तोंड मागे फिरवलं, उरलेल्या चिकटपट्टीनं बंद केलं आणि कॅरियरचा वरून आवळणारा दांडा खाली ओढून कुलूप लावलं. आता आत काही जात नव्हतं. आतलं बाहेरही येत नव्हतं. गाडीत आई सोललेल्या संत्र्याच्या फोडी माझ्या तोंडाजवळ धरत होती. माझ्या परीक्षेच्या दिवशी धरायची तशा.

गाडीतळावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. तळं पांढरं, वारा नाही, पलीकडे आपलं घर. आईनं गाडीतच बूट बदलले, टोपी घातली आणि उतरून उभी राहिली. मी किल्ली कुलपात घातली. कुलूप गोठलेलं. फुंकर मारली, तळहातानं ऊब दिली, शेवटी थर्मासमधली कॉफी ओतली. किल्ली फिरली, ताई. अर्धी फिरली. मग माझ्या बोटांत तिचं डोकं राहिलं आणि बाकीची आत राहिली.

एवढ्या सुरक्षित स्की त्या दिवशी साऱ्या नॉर्वेत नसतील. पाऊण तास मी त्या दांड्याशी झटलो. तोर्दिसनं एकदा आईकडे बोट दाखवलं, तेव्हा मी पाहिलं. आई काठ्या हातात धरून तळ्याकडे तोंड करून उभी होती. कुरकुर नाही, काही नाही. दुखऱ्या पायावरचं वजन मात्र सारखं दुसऱ्या पायावर घेत होती. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली ती कशी सांगू. तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.

शेवटी लोकांचं सामान तळ्यापलीकडे नेणारा बर्फगाडीवाला आर्नफिन आला. त्यानं कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पान्यानं अख्खा कॅरियरच टपावरून सोडवून बर्फगाडीमागच्या घसरगाडीत ठेवला. शेजारी आईला बसवलं, घोंगडी पांघरून. अशी ती तळं ओलांडून गेली, ज्यावरून चालायचं म्हणून दोन महिने रोज जिना चढउतर करत होती, आणि तिच्या कुशीत तिच्या स्की, कुलूपबंद. मी मागून चालत गेलो. कोणी माझ्याशी बोलू नये म्हणून मुद्दाम हळू.

घरी करवतीनं दांडा कापला. चिकटपट्टी, पडदा, सगळं फाडलं. एक ओरखडा नव्हता, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेव. पण ब्लँकेट निघेना. ओलं डांबर, ओली लोकर, वर तीन तास गच्च आवळलेलं; दोन्ही एकजीव झालं होतं. ओढलं तर ब्लँकेट मधोमध उसवलं आणि दोन्ही स्कींच्या तळाला बोटभर जाडीची लोकर राहिली, मेंढीच्या पोटासारखी. बाबांनी तासलेल्या स्की. मी जिन्यावर बसलो आणि, आता तुझ्यापासून काय लपवायचं, रडलो.

आईनं त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. मग म्हणाली, "या घसरणार नाहीत." मी म्हटलं, नाही गं आई, आता कुठल्या घसरतायत. ती म्हणाली, "तेच म्हणते मी. मला पडायची भीती होती. तुला सांगितलं नव्हतं."

शुक्रवारी सकाळी तिनं त्या घातल्या आणि तळ्यावर उतरली. घसरणं नावालाही नाही. एकेक पाऊल टाकत, जाड चपला घातल्यासारखी, थेट गाडीतळापर्यंत गेली आणि परत आली. डॉक्टरांच्या अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. मी मागून रिकामी घसरगाडी ओढत होतो. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तरीही मी स्वतःला माफ केलेलं नाही. लाकडावरून लोकर कशी काढतात हे तुला माहीत असल्यास कळव. दाजींना नमस्कार.

तुझा,
हाल्वर

ता. क. : आईनं पत्र वाचलं. तिच्या मते हे सगळं खोटं आहे. पंपावर खूप मजा आली, बर्फगाडीत बसायचं तिच्या कधीपासून मनात होतं, आणि लोकर काढायची नाही.

ता. क. दुसरा : हे तिला न दाखवता लिहितो आहे. सव्वीस मे रोजी तिच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं आहे. शुक्रवारी तळ्याच्या मध्यावर ती थांबली, तेव्हा दमली असं मला वाटलं. ती म्हणाली, "ओशिलनं हे बघायला हवं होतं." ताई, आपण दोघं या घरावरून भांडलो त्याला सहा वर्षं झाली. चूक माझी होती. तेवढंच लिहायला बसलो होतो, आणि लिहवेना म्हणून स्कीचं लिहीत गेलो. तू ये.

ता. क. तिसरा : आगगाडीनं ये. स्टेशनवर तोर्दिस येईल. तुझं सामान मी बांधणार नाही.