दगडावर नाव घालू नये

अल्लाच्या नावाने, ज्याच्या दारी सर्वांचाच हिशेब व्हायचा आहे.

मी, मिफ्लेह बिन अव्वाद, वय एकाहत्तर, धंदा गवंडीकाम, कायमचा राहणार खिरबत अल-बैदर, जिल्हा कारक, गेली सहा वर्षे मुक्काम मादबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण लिहायला कान लागत नाही. माझ्यावर आज कोणाचा दबाव नाही. जो दबाव होता त्याने आपले काम केव्हाच उरकले आहे.

१. मुलांच्या वाटण्या शरियतने ठरवून दिल्या आहेत. त्यात लुडबुड करण्याचा मला हक्क नाही, हौसही नाही. थोरला नायफ तुरुंगात आहे म्हणून त्याचा हिस्सा धाकट्याने गिळू नये. फारिस, हे तुलाच उद्देशून आहे.

२. गावातले घर मी स्वतः दगड घडवून बांधले. सहा वर्षांत ते पाहिले नाही. त्याची किल्ली मुलगी विदादने ठेवावी. ती दुसऱ्या घराण्यात दिली असल्याने गावात तिला मज्जाव नाही. मागल्या महिन्यात येऊन ती म्हणाली, "बाबा, आईच्या कबरीवर गवत माजलं होतं, उपटून आले." मी विचारले, "शेजारची जागा?" ती म्हणाली, "रिकामीच आहे अजून." मला एवढेच ऐकायचे होते.

३. हातोडे, छिन्न्या आणि ओळंबा फारिसला. माझे पिस्तूल पोलिसांत जमा आहे. परत मिळालेच तर कोणी घरात आणू नये.

हे नीट लिहून ठेवतो, कारण नंतर लोक काहीही सांगतील. टँकरच्या पाळीवरून नायफचे आणि शेजारच्या हाबिसचे भांडण झाले. नायफ घरात आला, चहाच्या डब्यातून कपाटाची किल्ली काढली आणि पिस्तूल घेऊन गेला. मी ओट्यावर जैतून निवडत बसलो होतो. "कुठे निघालास रे?" एवढेच विचारले. उठलो नाही. त्याने गोळी झाडली, हाबिस जागच्या जागी मेला. पिस्तूल माझे, किल्लीची जागा माझी, मुलगा माझा. कोर्टाने मला साक्षीदार म्हटले, जमातीने अपराधी ठरवून गावाबाहेर काढले. मला दोघांचेही पटते आणि दोघांचाही राग येतो.

तुरुंगात नायफने मला विचारले, "बाबा, गोळी मी झाडली. तुम्हाला का हाकललं?"

"तुझा बाप म्हणून."

"मग हाबिसच्या बापानं काय केलं होतं?"



४. माझे कॉफीचे सगळे साहित्य, म्हणजे पितळी किटली, लाकडी उखळ आणि बिनकानाचे सहा पेले, माझे घरमालक रातिब बिन सुवैलिम यांना द्यावे. ते माझे वारस नाहीत. शरियतप्रमाणे मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत वारस नसलेल्यालाही मला देता येते.

मुलांनो, कारण वाचा. घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस म्हणून मला पंचांत मान होता. खून झाला की खुन्याचे पाच पिढ्यांपर्यंतचे कोणकोणते नातलग गाव सोडतील हे मी बोटांवर मोजून सांगायचो. एका खुन्याचा आणि रातिबच्या वडिलांचा, सुवैलिमचा, पाचव्या पिढीतला पूर्वज एक निघाला. सुवैलिमने त्या खुन्याला धड पाहिलेही नव्हते. पंच म्हणाले, "एवढं लांबचं सोडून द्या." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. पाच म्हणजे पाच." दारात गेलो तर त्याची बायको म्हणाली, "भाऊ, पीठ मळलंय. चार भाकऱ्या भाजते नि निघतो." मी म्हणालो, "परात घेऊनच निघा."

माझी पाळी आली तेव्हा मोजायची गरज पडली नाही. पहिलेच बोट माझ्यावर होते. बावीस घरे रिकामी झाली. सुनेनेही पीठ मळून ठेवले होते. कोणी काही म्हणायच्या आत मीच ती परात उचलली.

मादबात आम्हाला कोणी खोली देईना. रातिबने दिली. वर्षभराने म्हणाला, "काका, ते पीठ ट्रकमध्ये फुगून परातीबाहेर आलं होतं. आम्ही पोरं हसत होतो. आई रडत होती."

मी विचारले, "मग मला खोली का दिलीस?"

"भाडं वेळेवर देता म्हणून," तो म्हणाला आणि माझ्या पेल्यात कॉफी ओतली.

५. माझे दफन. मला बायकोशेजारी जायचे आहे. दुसरी काही इच्छा उरलेली नाही. पण हाबिसच्या वडिलांच्या संमतीशिवाय माझे प्रेतही गावाच्या वेशीत जाऊ नये. रातिबने मध्यस्थ घेऊन त्यांच्याकडे जावे. रीतीप्रमाणे कॉफी पुढे येईल. ते हो म्हणेपर्यंत पेल्याला ओठ लावू नयेत. हो म्हणाले तर प्यावी. नाही म्हणाले तर पेला तसाच ठेवून उठावे आणि मला मादबात पुरावे. फारिस, तिथे "आमच्या बापाची काय चूक?" म्हणून तोंड उघडायचे नाही.

त्याच कबरस्तानात हाबिस आहे. त्याची आई दर गुरुवारी येते. आमच्यात बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे जन्मभर मी अबू नायफ. तिने ते नाव मुलाशेजारी का वाचावे? म्हणून माझ्या दगडावर काहीही कोरू नये. मी इतरांचे दगड कोरले, माझा कोरा राहू दे.

नायफला कळवावे की हे त्याच्यावरच्या रागाने केलेले नाही. कागद तपासून देणारा मुन्शी म्हणाला, "सहीत ते नाव नको, कायद्याला लागत नाही." तरी मी घालतो आहे. दगडावरून काढता येते, माझ्यावरून निघत नाही.

ठिकाण : मादबा. दिनांक : ९ नोव्हेंबर २०१२.

साक्षीदार :
१. रातिब बिन सुवैलिम. (कलम ४ मला वाचून दाखवले. परातीचा मजकूर काढू म्हणाले, मी काढू दिला नाही. हाबिसच्या वडिलांकडे मी जाईन.)
२. जमील बिन सालिम, बेकरीवाला, खालचा मजला.

सही : मिफ्लेह बिन अव्वाद, अबू नायफ