उबेदचे डोळे

२३ नोव्हेंबर २००४

कुडपणची ठकूबाई स्टुडिओत आली. नवरा कुशाबा गेला, बाराव्याला फोटो हवा. म्हातारा जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसला नाही. तिरडीवर काढलेला एकच फोटो — डोळे मिटलेले! "डोले उघडून दे गो पोरी." देते म्हटलं. हे तर नेहमीचंच काम.

२४ नोव्हेंबर

माझ्या उबेदचेच डोळे लावले. सौदीत दमामला नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी मीच काढला होता त्याचा व्हिसाचा फोटो. इतके स्पष्ट डोळे आमच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरे नाहीत. त्या फोटोची सीडी तोही घेऊन गेलाय, पुढे लागली तर. नवऱ्याचे घारे डोळे पोलादपूरच्या किती भिंतींवर टांगलेत, त्याला पत्ताच नाही! कृष्णधवल केलं की घारेपण कुणाला कळतं?

ईदलाही त्याचा फोन नाही. काय म्हणावं या माणसाला!

२५ नोव्हेंबर

ठकूबाईला रंगीतच हवा. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या आरजीबी रंगांत घारेपण लपेना. फोटो 'लॅब' मोडमध्ये नेला, तिथे उजेड आणि रंग वेगवेगळे होतात; रंगांचे चॅनल दाबून बुबुळं काळी केली. शार्पनिंग फक्त उजेडाच्या चॅनलवर. जरा जास्तच केलं — खोडच माझी. तर बुबुळात कुणीतरी उभं! मोठं करून पाहिलं. मीच. डोक्यावर ओढणी, हातात कॅमेरा, मागे स्टुडिओचं अर्धं ओढलेलं शटर. उबेदचा फोटो काढला त्या दिवशीचंच प्रतिबिंब ते. आधी हसू आलं, मग अंगावर काटा. मेलेल्या कुशाबाच्या डोळ्यांत मी!

३ डिसेंबर

ठकूबाई बाजाराला आलेली. "फोटू बेस हाय. पन म्हातारा माज्याकडं बगत नाय गो. कुनाची तरी वाट बगतो."

घरी सांगितलं. उबेदच्या अम्मी ताडकन म्हणाल्या, "जित्या माणसाचे डोळे मेलेल्यांना देतेस? तोबा कर!"

फोन नाही. माझ्यामुळे त्याला काही झालं असेल तर? जेवण जात नाही.

९ डिसेंबर

मेल आली! त्याच्या खोलीतल्या नौमानची. "भाभी, उबेद मजेत आहे. मोबाइल बिघडलाय. हा कालचा फोटो." अम्मींनी शेजारीपाजारी खजूर वाटले. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

फोटो धूसर आहे. चेहरा सुजल्यासारखा. रंग कसाही फिरवला तरी पिवळटपणा जाईना. डोळे मात्र लख्ख.

१० डिसेंबर

शार्प केला. बुबुळात मी — त्या सीडीवरच्या फोटोतलीच. डोक्यावर ओढणी, हातात कॅमेरा, मागे अर्धं शटर.

या अल्लाह — डोळे उघडून द्यायचं काम तिकडेही कुणाला तरी येतं!