मोज्याखालचे दोन दात

मंगळवार, सुरत. संध्याकाळ.

आज खोलीवर पुन्हा त्या चालत्या मुडद्यांच्या सिरियलवरून भांडण. अकोल्याचा गजू म्हणे, सिरियलवाल्यानं गोष्टीचं वाटोळं केलं. सिरियलमध्ये मुडदा चावलेला माणूस शेवटपर्यंत बाही ओढून बसते अन् मग स्वतःच मुडदा होऊन घरातल्या सगळ्यांले खाते. मूळ कॉमिकमध्ये तो त्याच दिवशी भावाले हात दाखवते. भाऊ हात तोडते, पण तो जगते.

मी म्हटलं, "लपवलं तर काय झालं? भेव वाटत असन त्याले."

"तू कावून चिडून राहिला बे? तुले चावलं का कोणी?" गजू म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. पाय मात्र मागं घेतला.

शनिवारी कारखान्याच्या गेटपाशी कुत्र्यानं पोटरी धरली. त्याले रोज बिस्कीट टाकणारा मीच, म्हणून कोणाले सांगितलं नाही. हसले असते. हळद लावली अन् मोजा वर ओढला. दोनच दात लागले आहेत. पण कालपासून ते कुत्रं गेटवर नाही. आज पाणी पिताना घसा आवळला, का मलेच तसं वाटलं? दोनदा पिऊन पाहिलं.

कॉमिक मी वाचलं नाही. तो खरंच जगते ना?

इथवर लिहिलं अन् गजूले हाक मारली. मोजा खाली केला. तो हसला नाही. "चप्पल घाल. सरकारी दवाखान्यात आत्ताच जाऊ," म्हणाला.

आता तो खाली कोणाची तरी गाडी मागून राहिला. मी चप्पल घातली.