तलावपारीचा पट्टा

॥ श्री ॥
गडचिरोली, तलावपार
दि. २८ ऑक्टोबर १९९६

चि. देवानंद यास बाईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सारे खुशाल आहोत. तू, दीपाली आणि लेकरं बरी असाल. एटापल्लीच्या आश्रमशाळेत गुरुजी झाल्यापासून तू पोरांना पत्रलेखन शिकवतोस म्हणे. बहिणीला मात्र पोळ्यापासून एक ओळ नाही. आधी रागावून घेतलं, आता बातमी सांगते.

तुझी बहीण नगर परिषदेच्या निवडणुकीला उभी राहिली आहे. हसू नको. आपला वार्ड या खेपेला बायांसाठी राखीव झाला. मासोळी बाजारातल्या बाया एक दिवस टोपली घेऊन उठल्या त्या थेट माझ्या दारात बसल्या. त्यांचं म्हणणं, आपल्या बापजाद्यांनी तलावाच्या या पारीवर घरं बांधली, पण एकाच्याही हाती जागेच्या पट्ट्याचा सरकारी कागद नाही. पट्टा नाही म्हणून घरकुल नाही, आणि दर उन्हाळ्यात जागा खाली करा म्हणून नोटीस. बाजारात तुझं तोंड चालते तेवढं आमचं कोणाचंच चालत नाही, म्हणून तूच उभी राहा. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

आता खरी अडचण ऐक. माझ्यासमोर कोण उभी आहे? बायनाबाई. होय, आपली विहीण! पोळ्याच्या पाठोपाठ आपल्या आचलचं साक्षगंध झालं तेव्हा जिने पोरीच्या ओटीत नारळ घातला, तीच. तिच्या नवऱ्याच्या, मुखरूभाऊंच्या, चार काळ्या-पिवळ्या जीपी तुला ठाऊक आहेत. दवाखान्यात येणारे पेशंट त्यांच्याच जीपीत येतात, आणि त्या गाड्या उभ्या राहतात आमच्या दारात. सकाळी दार उघडलं की समोर जीपचं नाक. लोक ओरडू लागले, म्हणून गाड्यांचा प्रश्न सोडवायला त्यांच्याच घरून उमेदवार निघाला, आणि वार्ड बायांचा म्हणून मुखरूभाऊंच्या जागी बायनाबाई.

मला धाकधूक आहे ती एकच. माघात लग्न आहे. आम्ही मुलीकडचे. मुलीच्या आईने वरमायला पाडायचं, असं कुठे झालं आहे का? पोरीचं जुळलेलं माझ्यामुळे मोडलं तर मी तोंड कुठे लपवू? अर्ज मागे घ्यायला अजून वेळ आहे. तू काय म्हणतोस ते लवकर लिही. माया आहेच, तिला पोस्टाचं तिकीट तेवढं लावत जा.

तुझी बाई,
ताराबाई

॥ श्री ॥
एटापल्ली
दि. ६ नोव्हेंबर १९९६

ती. बाईस देवानंदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दीपालीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती इतकी हसली की चुलीवरचा भात करपला. करपलेला भात मलाच खावा लागला, तो तुझ्या प्रचाराचा खर्च समज.

बाई, मी लहान, पण मामा म्हणून बोलतो. मुलीकडच्यांनी नमतं घ्यावं, हे खरं. पण ते मानपानात, पंगतीत. पाय धुवायला सांगितले तर धू, विहिणीला पाटावर बसव, जास्तीचं लुगडं नेसव म्हणाली तर नेसव. घराच्या जागेत काय नमतं घ्यायचं? तरी एक गोष्ट पाळ. सभेत विहिणीचं नाव तोंडातून काढू नको. ती जे बोलेल त्याला उत्तर देऊ नको. आपलं तेवढं सांग आणि खाली बस. तुला खाली बसणं जड जाते हे मला लहानपणापासून माहीत आहे.

भाऊजींना नमस्कार. ते या सगळ्यात काय म्हणतात ते तू लिहिलंच नाहीस. बहुतेक तू त्यांना विचारलं नसशील. माझ्यावरची नजर अशीच मायेची असू दे.

तुझा,
देवानंद

॥ श्री ॥
गडचिरोली
दि. २१ नोव्हेंबर १९९६

चि. देवानंदास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या भाऊजींना विचारलं. इस्तारीराव जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले की, जाळ्यात शिरली मासोळी, आता कायले सोडून राह्यली? म्हणून अर्ज ठेवला. मला निशाणी मिळाली कपबशी. तेव्हापासून माणसं प्रचाराला कमी आणि चहाला जास्त येतात. घरातली साखर निवडणुकीआधी संपणार.

आता गंमत ऐक, आणि गंमत म्हणता म्हणता माझा जीव कसा टांगला आहे तेही ऐक. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली. दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी बायनाबाईने माइक घेतला. मला निवडून द्या, मी तलावपारीत घरोघरी पट्टा देतो, असं ती बोलली. टाळ्या काय पडल्या! माझ्या बाजूच्या बायांनीच जास्त वाजवल्या. दुसऱ्या दिवशी अर्धा बाजार तिच्याकडे. मी पट्ट्यासाठी भांडीन म्हणते, ती तर सरळ देतो म्हणते. मग माझ्याकडे कोण थांबणार? आमची शेजारीण बुधरी तर पट्टा ठेवायला ट्रंक झाडून बसली.

मलाही आधी खरंच वाटलं. मग आपला जावई श्रावण फराळाचा डबा द्यायला आला. मोठ्या खुशीने सांगू लागला की, मायनं चुन्याची पोती मांगवली, घरोघरी पट्टा माराचा हाय. मी विचारलं, कसला पट्टा? तर म्हणे, पांढरा! रस्त्यावर घरासमोर पांढरा पट्टा मारायचा, जीपी पट्ट्याच्या तिकडे उभ्या राहतील, दार मोकळं राहील.

कळलं का? ती बोलली चुन्याच्या पट्ट्याचं, आणि लोकांनी ऐकला जागेचा पट्टा. तिचं बिचारीचं काहीच खोटं नाही. ती मुखरूभाऊंच्या घरात राहते, ते घर विकत घेतलेल्या जागेवर आहे. पट्टा म्हटल्यावर पारीवरच्या माणसाच्या मनात काय येते, ते तिला कुठून ठाऊक?

मी उठून सांगितलं असतं तर एका दिवसात सभा फिरली असती. पण मग गावात काय झालं असतं? विहिणीने विहिणीला खोटं पाडलं. आणि तूच मला गप्प बसायला सांगितलं आहेस. म्हणून मी गप्प आहे. बोलणं ओठांवर आलं की तोंडात सुपारी टाकते रे. आचलसमोर काही बोलत नाही, पण ती पोरगी डोळ्यांनी ऐकते.

काही सुचलं तर कळव. नाही सुचलं तरी पत्र टाक, तुझ्या अक्षरानेही धीर येते.

तुझी बाई

॥ श्री ॥
गडचिरोली
दि. २७ नोव्हेंबर १९९६

ती. मामांना आचलचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे. मामा, माझ्या हातून एक गोष्ट झाली. चांगली की वाईट ते तुम्हीच सांगा.

काल मी सासरी जाऊन आले. लग्नाआधी, एकटी, पायी. श्रावणने मला फाटकात पाहिलं आणि त्याच्या हातचा पाना खाली पडला. मामंजी जीपखाली होते, ते तिथूनच विचारत राहिले की कोण आलं. सासूबाई धान पाखडत होत्या. मी पाया पडले आणि सांगून टाकलं की, लोकं तुमचा पट्टा घराचा पट्टा समजून राह्यले. बुधरीमावशीने ट्रंक झाडली तेही सांगितलं. आईला हे माहीत आहे आणि ती तुमच्या मानापायी बोलत नाही, हेही सांगितलं. 

त्या धान पाखडतच राहिल्या. मग विचारलं की, तुले तुह्या मायनं धाडलं का? मी नाही म्हणाले. मग मले काऊन सांगून राह्यली, तुह्यी माय जितन ना, असं विचारलं. मी म्हणाले की, तुम्ही निवडून आल्या अन् पट्टे नाई भेटले तर लोकं तुमाले लबाड म्हनतीन. मले याच घरात यायचं हाय. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि घरी जा म्हणाल्या. बस्स, तेवढंच. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मामा, मला फार भीती वाटते आहे. श्रावण मला आवडतो, हे तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आईला कळू देऊ नका. मामीला नमस्कार, लहानग्यांना पापा.

तुमची,
आचल

॥ श्री ॥
एटापल्ली
दि. २ डिसेंबर १९९६

चि. आचलला मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा रागावलो. दुसऱ्यांदा वाचलं आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. लग्नाआधी सासरी जाणं रीतीला धरून नाही, हे मामा म्हणून सांगणं माझं काम, ते केलं. आता देवानंद म्हणून सांगतो, पोरी, माझी छाती फुगली.

काय व्हायचं ते होवो. आईपासून लपवायचं नाही. तू सांगत नसशील तर निकालानंतर मी सांगीन. श्रावण आवडतो हे मात्र सगळ्या गावाला आधीच माहीत आहे, ते लपवायची मेहनत करू नको. मला आश्रमशाळेतून रजा मिळेना, येता येत नाही. मन मात्र तिकडेच आहे.

तुझा मामा

॥ श्री ॥
गडचिरोली
दि. १८ डिसेंबर १९९६

चि. देवानंदास नगरसेविका बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

वाचलंस ना? हो, आले निवडून! पण गुलाल झटकून बसले आहे, आधी सारं ऐक.

मतदानाच्या चार-पाच दिवस आधी बायनाबाई स्वतः जीपमध्ये भोंगा घेऊन बसली. गल्लोगल्ली सांगत फिरली की, आयका बायांनो, आमचा पट्टा म्हंजे चुन्याचा पट्टा! घराचा पट्टा मले देता येत नाई. घराच्या पट्ट्याचं माह्या ईनबाईले विचारा! मुखरूभाऊ मागून ओरडत होते की, अवो गप्प राय ना, पडशीन. ती म्हणे, पडीन, पन खोटी पडून नाई जितत. ती विहीण मीच; दारात उभी राहून ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. इतकी मोठ्या मनाची बाई मी विहीण म्हणून केली, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

लोक परतून माझ्याकडे आले. निकाल लागला. जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण रात्रभर डोळे दाराकडेच. तिकडून ना निरोप, ना माणूस. तेव्हा आचलने रडत रडत सगळं सांगितलं. तुलाही माहीत होतं म्हणे! तुझा हिशेब वेगळा करीन.

मी आचलला एक शब्द रागावले नाही. पण मनात धरून चालले की जुळलेलं मोडलं. साक्षगंधाची साडी धुऊन घडी करून ठेवली. मागायला आल्या तर निदान चुरगळलेली देऊ नये.

काल दुपारी जीप अगदी दाराला लागून थांबली. बायनाबाई उतरली. आचल आत पळाली. मी पाट दिला, ती बसली नाही. मला म्हणाली की, मी आज ईनबाई म्हून नाई आली, वार्डातली बाई म्हून आली, तक्रार हाय.  तक्रार काय, तर माघात माह्या पोराची वरात येईन, दहा-बारा गाड्या राहतीन, त्या लावाच्या कुठी? नगरसेविकेनं जागा दाखवावं, नाईतर वरमाय गाडीतून उतरत नाई.

देवानंद, मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं असेल. मग तिने आचलला हाक मारली, शेजारी बसवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली की, वार्डानं तुले निवडलं, माह्या घरानं हिले निवडलं. आता सांग, कोन जितलं? मी नुसती चहाची कपबशी पुढे केली. तोंड चालते म्हणून निवडून आलेली बाई मी!

बाकी काम पुढे आहे. पट्ट्याचा अर्ज सगळ्या बायांच्या अंगठ्यांनिशी दिला आहे. मिळेल तेव्हा खरं, पण आता नगर परिषदेत रोज जाऊन बसायला मला खुर्ची आहे. बायनाबाईही सोबत येते म्हणाली. तिचा आवाज माझ्याहून मोठा आहे, तो कामी येईल.

लग्नाला दीपाली आणि लेकरांना घेऊन आठ दिवस आधी ये. मामाशिवाय पोरगी बोहल्यावर चढणार नाही. येताना एस.टी.नेच ये. कोणाची गाडी घेऊन आलास तर ती उभी करायला जागा नाही, हे तुला वार्डाची नगरसेविका स्वतः कळवते आहे.

माया केलीस तशीच करत राहा.

तुझी बाई,
ताराबाई