अश्विनीच्या घराचे बावीस पत्रे

मी, गोरक्षनाथ पुंजाराम ठुबे, वय तेवीस, मूळ पारनेर तालुक्यातला, हल्ली राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझं डोकं तापट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण आज ते ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीला घातलेलं नाही. परवा मंगळवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. आई म्हणते, असलं अभद्र लिहू नकोस. तरी लिहितो, कारण अश्विनीच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली आहे.

१. बँकेत जे असेल ते आई लंकाबाई हिचं. मोबाईलही तिचा. पासवर्ड तिला सांगितला आहे. तो कोणाच्या नावाचा आहे हे कळल्यावर ती पदराआड हसली.

२. पॉलिटेक्निक मी दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून सोडलं. चूक सरांची होती असं अजूनही मानतो. ड्रॉइंगचा बोर्ड मात्र कॉलेजला द्यावा.

३. माझ्या टेबलावरचं छोटं रेल्वे स्टेशन, रूळ, इंजिन, तीन डबे आणि मालधक्का वडिलांना. अण्णा याला पोरखेळ म्हणतात. पण मी बाहेर गेलो की ते गाडीला एक फेरी मारून आणतात. परत येतो तेव्हा इंजिन मी सोडलेल्या जागी कधीच नसतं. अण्णा, मालधक्क्याच्या फळ्या ओल्या फडक्याने पुसू नका. त्या आइस्क्रीमच्या काड्या आहेत. तारेच्या ब्रशने खरवडून, लोखंडी घासणी भिजवलेलं व्हिनेगर लावून मी त्यांना वीस वर्षांचं ऊन दिलंय.

४. कटर, पट्टी, चिमटे आणि एअरब्रश माझा मित्र आकिब याच्या बहिणीला, मुबश्शिराला. आकिबला हवे होते, पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने घेऊ नये म्हणतात. शिवाय त्याला दम नाही. गोंद वाळायच्या आत हात लावतो.

५. त्याच स्टेशनातलं, रुळाशेजारचं गँगमनचं घर अश्विनीला. ते मी तिच्यासाठीच केलं. पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचा पातळ पत्रा बोल्टसारखे आटे असलेल्या सळईवर दाबून पन्हळी काढल्या, खिळ्यांभोवती गंज रंगवला. चार महिन्यांपूर्वी तिला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की पत्रे चुकीचे बसलेत. मी आढ्याकडून खाली लावत आलो होतो, म्हणून खालचा पत्रा वरच्याच्या अंगावर चढला होता. तिचे वडील सहादेव मिस्त्री पत्रे टाकण्याचंच काम करतात, तिला कळणारच. ती म्हणाली, "पाणी आत येईल रे. मग आपण निजायचं कुठं?"

मी म्हणालो, "मिस्त्रीच्या पोरीने मला शिकवू नये."

ती उठून गेली. तिने त्या वीतभर घरात दोघांचं अंथरूण घालून पाहिलं होतं, हे मला आठ दिवसांनी उमगलं.

गेल्या महिन्यात हिवरे बाजारात सहादेव मिस्त्री एका गोठ्यावर पत्रे टाकत होते. मी खाली उभा राहून दिवसभर पाहिलं. पागोळीकडून सुरुवात, मग चढत आढ्यापर्यंत. काम संपल्यावर शिडी उतरून ते म्हणाले, "ठुब्यांचा ना तू? पत्रे बघायला आला व्हय? पोरगी घरी हाय. आमी काय बांधून न्हाई ठेवली."

तरी मी गेलो नाही. बावीसच्या बावीस पत्रे उचकटून खालून वर बसवले, आणि ठरवलं की माझ्या मागे हे घर आकिबने तिला पोचवावं व चूक माझी होती असं सांगावं.

वरच्या वाक्यातलं 'माझ्या मागे' पासून पुढचं सगळं मी खोडलं आहे. मी जिवंत असताना माझी माफी दुसऱ्याने का मागावी? घर आज मीच नेऊन देतो. तिने घेतलं नाही, तर ऑपरेशननंतर पुन्हा जाईन.

सावेडी, अहिल्यानगर
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५
सही: गो. पुं. ठुबे

साक्षीदार:
आकिब गनीभाई शेख, मित्र
छबूबाई औटी, शेजारीण

शेरा: कलम पाचमधली खोडाखोड गोरक्षने आमच्यासमोर केली. छबूमावशींनी चष्मा लावून वाचली आणि "आता नीघ" म्हणाल्या. मोटरसायकल मी चालवतोय. त्याच्या दोन्ही हातांत घर आहे.
— आकिब