बाबांच्या साइडकारचं पुस्तक

अरे,

चिमणीला डोस द्यायला नेतेय. जेवण झाकून ठेवलंय.

बाबांच्या साइडकारवाल्या मोटारसायकलचं माहितीपुस्तक टपालाने आलंय. तू वर्षभर जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना पत्रं पाठवलीस, त्यातल्याच एकाला रद्दीत मिळालं. उघडण्याआधी सांगते, ते आपलंच आहे. बाबा गेल्यावर चिमणीच्या पाळण्यासाठी त्यांची खोली रिकामी केली, तेव्हा मीच न बघता त्यांच्या कागदांची पेटी रद्दीवाल्याला दिली. तू शोधत राहिलास आणि माझी सांगायला जीभ रेटली नाही.

शेवटच्या पानावर बाबांनी ऑइल बदलल्याच्या तारखा लिहिल्यात. सगळ्यात खाली चिमणीच्या जन्माची तारीख आहे. पुढे लिहिलंय, ‘साइडकारसाठी छोटी गादी शिवायला टाकली.’

कुणाकडे, ते नाही लिहिलेलं. येताना दोन-चार दुकानांत विचारून येते.