अंबूला उचलायचं आहे

१२ मे १९५४
अक्काकडून आलो, जेवण गेलं नाही. भाची अंबूचं लग्न ठरलं, दहा जून. इथल्या तमिळ रीतीनं माळा घालताना नवरीला मामानं खांद्यावर घ्यायचं. अंबूची थोरली बहीण सीता, तिच्या लग्नात माझा डावा पाय लटपटला. मी खाली, माळ मातीत. तीन वर्षं झाली, लोक अजून उकरून काढतात. अक्का हळूच म्हणाली, "तंजावूरचा आपला चुलतभाऊ रामू येतो की. तो उचलू दे." बापाविना पोरी मी वाढवल्या, आणि उचलणार रामू!

१४ मे
शाळेला सुटी. ड्रिलमास्तर सामिनाथनना घरी गाठलं. उभं केलं, वाकवलं. "सार, पायात दोष नाही. बूड मेलंय. वीस वर्षं खुर्चीत बसून भूगोल!" फौजेच्या इस्पितळात शिकलेला व्यायाम दिला. उताणं निजायचं, गुडघे उभे, जांघांवर वजन, टाचा रोवून बूड वर. वजनाला कावेरीची वाळू, पिशवीत. पिशवीखाली घडी घातलेली वेष्टी, म्हणजे धोतर, नाहीतर हाडं दुखतात.

१९ मे
कंबर धरली. मास्तर ओरडले, कमान नको, बूड आवळा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ. गुडघे आत पडू देऊ नका. हळू उतरा. आणि चेहरा लाल का? तेव्हा कळलं, वर जाताना मी कुंभक धरतो. तीस वर्षांची संध्या, श्वास आपोआप कोंडतो. "देवासाठी कोंडा, सार. इथं उचलताना सोडा."

२७ मे
पिशवी दुप्पट. बारा वेळा. कंबर गप्प. अंबू न सांगता आली, मी उताणा, वर वाळू. "अय्यो मामा, हे काय बाळंतपण?" हसत सुटली. कशासाठी ते सांगितलं. मग हसली नाही.

३ जून
अक्का रडकुंडीला. "पोर जेवत नाही. अर्धी इडली, की पान सारते." अंबूला विचारलं. मान खाली. "तुम्हांस जड होऊ नये मणून."
ओरडलो तिच्यावर. मग घरी येऊन रडलो. आठवडाभर उपाशी, आणि मला वाळूचा अभिमान. पडेन असं तिलाही वाटतं तर.

९ जून
रामू आला. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. अक्कानं तोड काढली, उचलणार मी, रामू मागे उभा. चालेल. न चालून काय?
अंबूसमोर जाऊन बसलो. तिच्या तीन इडल्या झाल्या. "अजून?" मी विचारलं. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. मग पान पुढे केलं. "वाढा."

१० जून, सकाळ
नादस्वरम् सुरू. वाळूशिवाय सहा वेळा केलं. डावा पाय थरथरतोय, की मलाच वाटतंय... अंबूचा निरोप आला, पेलाभर दूध सगळं प्याली, मामांस सांगा.
बोलावतायत. उचलताना श्वास सोडायचा.